पद्मिनीवाल्यांचा क्लब कसा उभा करायचा आणि तो चालू कसा ठेवायचा

गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या गावांतून मला एकच प्रश्न आला, "आमच्याकडे पण सात-आठ जुन्या फियाट आहेत, क्लब काढायचाय, सुरुवात कुठून करू?" फोनवर दरवेळी अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदाच सगळं बसून लिहितोय. पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, आपली जुनी फियाटच. आम्ही पुण्यात ४ गाड्यांवर सुरू केलं होतं, आज आमच्या वहीत ४३ गाड्या आहेत आणि त्यातल्या ३१ रस्त्यावर चालतात. बाकीच्या १२ चालू करणं हेच सध्या आमचं मुख्य काम आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. पद्मिनीवाल्यांना इतकी वर्षं क्लबची गरज का पडली नाही? कारण मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी यायची बंद झाली ती २००० च्या आसपास, पण टॅक्सी धावत होत्या तोवर पुढच्या चाकाच्या किंगपिनपासून दाराच्या हँडलपर्यंत काहीही मिळायचं, आणि डोळे झाकून इंजिन उतरवणारे मिस्त्री प्रत्येक टॅक्सी स्टँडच्या मागे बसलेले असायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ती रस्त्यावरून गेली. म्हणजे आपल्या गाड्यांना जिवंत ठेवणारी आख्खी बाजारपेठच संपली. ते जे काम टॅक्सीवाल्यांमुळे आपोआप व्हायचं, स्पेअर मिळणं, मिस्त्रीचा हात चालू राहणं, ते आता क्लबला करायचंय. टी-शर्ट, स्टिकर, झेंडे हे सगळं करा, हौस आहे, पण ते नंतर.

आधी गाड्या शोधा, माणसं आपोआप येतात

तुमच्या गावात जेवढ्या पद्मिनी रस्त्यावर दिसतात त्याच्या दुप्पट तरी कव्हरखाली उभ्या असतात. त्या शोधायच्या कशा? जुन्या सोसायट्यांचे वॉचमन, बॅटरीवाला, सीट कव्हर शिवणारा, पीयूसी सेंटरवाला, डेंटर, या पाच लोकांना विचारा, आठवड्याभरात यादी तयार होते. आम्हाला डुक्कर फियाट सापडली ती एका सीटवाल्यामुळे, नवीन मुलांसाठी सांगतो, डुक्कर म्हणजे पन्नासच्या दशकातलं ते गोल पाठीचं मॉडेल, पुढची दारं उलटी उघडणारं.

गाडी दिसली की वायपरखाली चिठ्ठी ठेवा, पण चिठ्ठीत पहिलं वाक्य हेच पाहिजे की "मी गाडी विकत घेणारा नाही." कारण या लोकांना आठवड्याला एक तरी भंगारवाला आणि एक तरी दलाल येऊन छळत असतो. आमच्या सदाशिव पेठेतल्या एका काकांनी मला दोनदा दारातून परत पाठवलं, तिसऱ्या वेळी मी नुसती एक फॅन बेल्ट घेऊन गेलो, म्हटलं काका तुमचा तडकलाय, खालून दिसला, हा घ्या, पैसे नकोत. त्या दिवशी चहा झाला आणि मग त्यांनी माळ्यावरून खोकं काढलं, त्यात दोन नवे कोरे टेल लॅम्प, कागदात गुंडाळलेले, १९८७ च्या बिलासकट!

प्रत्येक गाडीचं एक पान करा. वर्ष, मॉडेल, इंजिन नंबर, चासी नंबर, आरसी कोणाच्या नावावर, कधीपर्यंत व्हॅलिड, इन्शुरन्स आहे का, गाडीत काय बंद आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात कोणते जास्तीचे पार्ट पडून आहेत. पत्ता आणि नंबर मात्र या पानावर नको, ते वेगळ्या वहीत आणि एकाच माणसाकडे, कारण गाड्यांची यादी बाहेर गेली की दलाल दारात उभे राहतात, आमच्याकडे हे झालंय आणि दोन चांगली माणसं त्यामुळे तुटली.

पहिली भेट

रविवार, सकाळी ७, सपाट मोकळी जागा, शाळेचं मैदान परवानगी घेऊन किंवा ओळखीच्या कार्यालयाचं पार्किंग. पाहुणे नकोत, भाषण नको, हार-तुरे नकोत. फक्त चहा-पोहे आणि सगळ्यांनी बॉनेट उघडायचं. एवढंच. बॉनेट उघडल्यावर माणूस बोलायला लागतो, कार्बोरेटर कुठून आणला, ठिणगीचे पॉईंट कधी बदलले, हे वायर असं कोणी जोडलं. १०८९ सीसीचं तेच इंजिन, तरी प्रत्येकाने आपापल्या मिस्त्रीच्या डोक्याने काहीतरी वेगळं केलेलं असतं आणि ते बघण्यातच दोन तास जातात.

ज्यांची गाडी बंद आहे त्यांनाही बोलवा, रिक्षाने या म्हणावं. हे मी मुद्दाम लिहितोय कारण पहिल्या वर्षी आम्ही "चालू गाडी असेल तरच मेंबर" असा नियम केला होता आणि ती चूक होती, ज्याला क्लबची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच आम्ही बाहेर ठेवलं. तो नियम काढल्यावर आठ महिन्यांत ५ बंद गाड्या चालू झाल्या.

भेटीची तारीख कधीही बदलू नका. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे पहिला रविवार, पाऊस असो, मॅच असो, तीनच गाड्या आल्या तरी चालेल. ज्या महिन्यात तुम्ही "यावेळी लोक कमी आहेत, पुढे ढकलू" असं म्हणाल त्या महिन्यापासून क्लब विरायला लागतो.

मिस्त्री हा क्लबचा पहिला मेंबर

आमच्याकडे जे मिस्त्री आहेत ते आज ७१ वर्षांचे आहेत, मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजमध्ये शिकले, मग पुण्याला आले. त्यांची काम करायची पद्धत बघा. गाडी चालू ठेवायची, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या हेडवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. एकेक जागा बदलत जायचं. "तिसरा टॅपेट ढिला आहे." मग कव्हर उघडून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पट्टी घालायची, आणि खरंच तिसराच निघतो. हे कुठल्या पुस्तकात शिकून येत नाही आणि स्कॅनर लावून पद्मिनीत काही दिसत नाही, लावायला जागाच नाही.

तर अशा माणसाला शोधा आणि त्याला मानाने क्लबमध्ये घ्या, वर्गणी न घेता. त्याच्या कामाचे पैसे मात्र पूर्ण आणि वेळेवर द्या, "क्लबची गाडी आहे, थोडं कमी करा" असं कोणी म्हणायचं नाही हा आमचा लेखी नियम आहे. इतके दिवस गॅरेजमध्ये लोकांनी यांना अरे-तुरे केलेलं असतं, आपल्याकडे सगळे अहो म्हणतात, लहान पोरं चाचा म्हणतात.

दुसरं म्हणजे त्यांच्या हातातलं ज्ञान उतरवून घ्या, आजच, पुढच्या वर्षी नाही. आम्ही दर दोन महिन्यांनी एक काम ठरवतो आणि मोबाईल स्टँडवर लावून पूर्ण रेकॉर्ड करतो, आजवर कार्बोरेटर खोलून साफ करणं, पॉईंट-कंडेन्सर बदलून टायमिंग लावणं, ब्रेकचं मास्टर सिलिंडर किट, किंगपिन ग्रीसिंग, एवढं झालंय. रेकॉर्ड करताना घाई करू नका, मिस्त्री मध्येच जुनी गोष्ट सांगायला लागले तर थांबवू नका, त्या गोष्टीतच खरी खुबी असते. आणि शेजारी एक विशीतला मुलगा उभा करा, त्याच्या हातात पाना द्या. आयटीआय मोटर मेकॅनिकची दोन मुलं आम्हाला अशी मिळाली, आता छोटी कामं तीच करतात आणि मिस्त्री खुर्चीवर बसून सांगतात.

स्पेअर: इथे क्लब टिकतो किंवा बुडतो

स्पेअरची वही ही क्लबची तिजोरी आहे. तीन रकाने करा: कोणाकडे काय आहे, कोणाला काय पाहिजे, आणि काय कुठेच मिळत नाही. पहिल्या दोन रकान्यांतून अर्धी कामं घरातल्या घरात होतात, एकाच्या माळ्यावर पडलेला बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो दुसऱ्याला हवा असतो. भाव मात्र क्लबने ठरवा, घेतलेल्या किमतीला किंवा दोघांना पटेल त्या मधल्या आकड्याला. आमच्यात एक जण मेंबर झाला आणि मेंबरांकडून पार्ट घेऊन बाहेर तिप्पट भावाने विकायला लागला. कळल्यावर त्याला शांतपणे पैसे परत देऊन मोकळं केलं, आणि तेव्हापासून नियम आहे की क्लबमधून घेतलेला पार्ट आधी क्लबमध्येच परत विकायला काढायचा.

बाजार फिरायला जायचं तर चार जणांनी मिळून जा. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार. जाताना जुना पार्ट सोबत न्या, नुसता फोटो नाही, कारण फियाट ११०० डिलाईट, प्रेसिडेंट आणि नंतरची पद्मिनी यांचे पार्ट दिसायला सारखे आणि बसवायला वेगळे निघू शकतात, आणि डिझेलवरची पद्मिनी, १३७ डी, तिची गोष्ट तर वेगळीच.

तिसरा रकाना, म्हणजे जे कुठेच मिळत नाही, तिथे क्लबची खरी ताकद. आमच्याकडे समोरच्या काचेचं रबर हा मोठा प्रश्न होता, पावसात सगळ्यांच्या पायात पाणी. एकट्यासाठी कोणी रबर बनवून देत नाही, डायचाच, म्हणजे साच्याचाच, खर्च परवडत नाही. मग एकाच्या गाडीतून न फाटलेलं जुनं रबर अख्खं काढलं, छोट्या रबर कारखान्यात नेलं, डायचे पैसे २२ जणांत वाटले आणि ६० नग काढून घेतले. पहिला नग कडक निघाला, कोपऱ्यात बसेना, उचकटायला लागला, तो परत करून मिश्रण मऊ करून घेतलं. म्हणून ऑर्डर देताना आधी दोनच नग मागवा, गाडीवर बसवा, एक पाऊस जाऊ द्या आणि मग बाकीचे घ्या. डाय क्लबच्या नावाने ताब्यात घ्या, हे विसरू नका.

आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि आपल्या गाड्यांचे रबरी पाईप, इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची पॅकिंग त्यासाठी बनलेली नाहीत, ती फुगतात, मऊ पडतात, गळतात. गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे काय ते सांगायला नको. सगळ्या मेंबरांचे पाईप एकाच दिवशी इथेनॉल चालणाऱ्या प्रतीचे बदलून घ्या, घाऊक घेतले तर स्वस्त पडतात. गाडी महिनोन्महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नका, इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि टाकी आतून गंजते.

कागदपत्रं, याला कंटाळू नका

नवीन मेंबर आला की पहिला प्रश्न गाडीच्या रंगाचा नाही, आरसीचा विचारा. निम्म्या गाड्या वारलेल्या वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर असतात. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं संमतीपत्र. आरसी हरवली असेल तर फॉर्म २६, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर आधी तिथून फॉर्म २८ ची एनओसी. जुन्या हस्तलिखित आरसीची नोंद ऑनलाइन दिसतच नाही, तेव्हा आधी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून, घ्यावी लागते आणि हे झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, म्हणून पहिलं तेच करा.

खाजगी गाडीची आरसी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करायची, त्याचा फॉर्म २५. गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. २० वर्षांवरच्या चारचाकीची रिन्यूअल फी ऑगस्ट २०२५ मध्ये वाढून १०,००० रुपये झाली, तेव्हा मेंबरांना सहा महिने आधी आठवण करून देणारा एक माणूस नेमा. आमच्याकडे बँकेतून रिटायर झालेल्या एक ताई हे काम बघतात, त्यांच्या वहीत सगळ्यांच्या तारखा आहेत. तपासणीला जाताना तीन-चार गाड्या एकत्र नेतो, एक मिस्त्री सोबत, आदल्या दिवशी लाईट, हॉर्न, वायपर, हँडब्रेक बघून घेतो आणि चासी नंबरवरचा गंज-रंग अलगद साफ करून पेन्सिलने कागदावर ठसा उतरत असल्याची खात्री करतो. एका मेंबरची गाडी नुसता नंबर नीट वाचता येत नाही म्हणून दोनदा परत आली होती.

आता सगळे विचारतात ते व्हिंटेज नंबरचं. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षं चालते, नंतर पुन्हा ५,०००. नवीन नंबर मिळाला तर त्यात व्हीए अक्षरं असतात, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण एक अट नीट वाचा: अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. माझं मत विचाराल तर जो माणूस अजूनही पद्मिनी घेऊन भाजी आणायला जातो त्याने साधी रिन्यूअलच करावी. चालवायची गाडी चालवत राहावी.

इन्शुरन्स थर्ड पार्टी तर कायद्यानेच पाहिजे, त्याशिवाय आमच्या ड्राईव्हला, म्हणजे सगळ्यांनी मिळून काढलेल्या सहलीला, गाडी घेत नाही. फुल हवा असेल तर ५ वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते, तेव्हा गाडीचे चारी बाजूंचे फोटो, झालेल्या कामाची बिलं आणि क्लबचं पत्र घेऊन बोलायला बसा.

ड्राईव्ह काढताना

आमची पहिली मोठी ड्राईव्ह वाईची होती, ११ गाड्या, एप्रिल महिना, आणि निघालो कधी तर सकाळी साडेनऊला. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागतो, पुढे ट्रक, ऊन डोक्यावर, आणि अर्ध्यात येईपर्यंत ४ गाड्या बंद. इंजिन तापलं, पेट्रोल पाईपमध्येच वाफ झाली, पंप ओढेना. मिस्त्री शेवटच्या गाडीत होते म्हणून निभावलं. त्यांनी फडकं ओलं करून पेट्रोल पंपावर गुंडाळलं, दहा मिनिटं थांबायला लावलं आणि एकेक गाडी काढली. एका मेंबरने घाईत रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला होता, मिस्त्रींनी जोरात ओरडून थांबवलं नसतं तर त्याचा चेहरा भाजला असता. मला ती दुपार आजही आठवते.

त्यानंतर आमचे नियम ठरले ते असे. उन्हाळ्यात ड्राईव्ह पहाटे साडेपाचला सुटते आणि १० च्या आत पोचते. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे, मिस्त्री सगळ्यात मागे. पाच-पाच गाड्यांचे गट, गटागटात अंतर, म्हणजे मागच्या लोकांचा रस्ता अडत नाही. प्रत्येक गाडीत फॅन बेल्ट, पॉईंट, कंडेन्सर, रोटर, दोन प्लग, १० लिटर पाणी, चढावर चाकामागे लावायला लाकडी ठोकळा, आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर चालकाच्या हाताशी, डिकीत नाही. कोणी शर्यत लावली तर पुढच्या दोन ड्राईव्ह त्याला बंद. १० पेक्षा जास्त गाड्या असतील तर वाहतूक शाखेला आधी लेखी कळवतो, रस्ता आणि वेळ देऊन. चौकात थांबून फोटो काढायचे असतील तर त्याची परवानगी वेगळी, हे गृहीत धरा.

पैसे आणि नोंदणी

हे थोडक्यात सांगतो. पहिलं वर्ष नोंदणीच्या मागे लागू नका, माणसं टिकतात का ते बघा. नंतर ७ माणसं मिळून सोसायटी नोंदणी कायदा १८६० खाली संस्था करता येते, अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. दरवर्षी ऑडिट, आणि कमिटी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज, हे जमणार असेल तरच करा. बँकेत खातं दोन सह्यांचं. आमची वर्गणी वर्षाला १,२०० रुपये आहे, त्यातले निम्मे स्पेअरच्या फंडात जातात आणि जमाखर्चाचा कागद दर महिन्याच्या भेटीत एका गाडीच्या बॉनेटवर ठेवलेला असतो, कोणीही वाचावा.

भांडणं कशावरून होतात

दोन गोष्टींवरून. एक, ओरिजिनल कशाला म्हणायचं. कोणी एसी बसवलाय, कोणी मोठी चाकं, कोणी स्टिअरिंगजवळचा हाताचा गिअर काढून खाली घेतलाय. आम्ही यावर कोणालाही नावं ठेवत नाही, फक्त एक विनंती करतो की काढलेला मूळ पार्ट फेकू नका, विकू नका, वहीत नोंदवून ठेवा. उद्या मन बदललं तर गाडी परत होते.

दुसरं, लग्नासाठी गाडी भाड्याने देणं. घरच्या लग्नात जरूर द्या, पण पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी पैसे घेऊन द्यायला परवानगी लागते, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. क्लबच्या नावाने असा एकही व्यवहार होऊ देऊ नका, कितीही मोठा आकडा आला तरी.

वाढ

गाड्या आता नव्या बनणार नाहीत, त्यामुळे वाढायचं ते माणसांनी. आमच्या ४३ गाड्यांच्या मागे आज शंभराच्या वर लोक येतात कारण आम्ही गाडी नसलेल्यांनाही घेतो, फोटो काढणारे, इलेक्ट्रिकलचं काम करणारे, ज्यांच्या वडिलांची गाडी कधीकाळी विकली गेली असे. घरातल्या बायकांना "तुम्ही पोह्याचं बघा" म्हणून बाजूला बसवू नका, आमच्या चार गाड्या बायका चालवतात आणि त्यातल्या दोघी कार्बोरेटर स्वतः खोलतात. अँबॅसेडरवाले, जुन्या जीपवाले आले तर त्यांनाही भेटीला बोलवा, पण त्यांची स्पेअरची वही त्यांना वेगळी करायला सांगा, नाहीतर सगळी सरमिसळ होते.

आणि घरातल्या पुढच्या पिढीचं काय, तर दर तिसऱ्या महिन्याला भेटीनंतरचा एक तास आम्ही त्यांच्यासाठी ठेवलाय. मैदान इतरांसाठी बंद, लायसन असलेली मुलं-मुली चालकाच्या सीटवर, मालक शेजारी. चोक ओढायचा, चावी फिरवायची, इंजिन लागलं की चोक हळूहळू आत ढकलायचा, घाई केली की बंद पडते. मग हाताचा गिअर. पहिल्या दिवशी फक्त पहिला आणि रिव्हर्स, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागच्या वेळी सदाशिव पेठेतल्या त्या काकांची नात आली होती, सात वेळा बंद पाडली तिने, काका एक शब्द बोलले नाहीत, आठव्यांदा गाडी सुटली आणि काका दाराचा हात धरून बसले होते ते तसेच बसून राहिले. तिने वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहिलंय, मेंबर नंबर १०४.